सहकर्जदाराची सही

आमच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे. एका दुपारी अंगणवाडीतून परत येताना गिरणीवाल्या काकूंनी मला हाक मारून थांबवलं. हातावरचं पीठ झटकत त्या म्हणाल्या की सकाळी एक माणूस तुमची चौकशी करून गेला. शर्ट आत खोचलेला, हातात फाइल, मोटारसायकल चांगली. घर स्वतःचं की भाड्याचं, किती वर्षांपासून राहतात, मुलीचे वडील काय करतात, पितात का, मुलगी कशी आहे, सगळं विचारलं म्हणे.

"पाहुणे पाहून राह्यले वाटते तुम्ही," काकू म्हणाल्या. "आमाले सांगतलं नाही तं नाही, पण म्या चांगलंच सांगतलं बरं का. पोरगी साधी हाय, सैपाकपाणी सारं येते, औंदाच लगन करून देतीन म्हटलं."

मी हसून बरं म्हटलं आणि घरात आले. पाणीही प्यायले नाही. सरळ लोखंडी कपाट उघडलं आणि मुलीच्या कागदांची पिशवी काढली. पासपोर्ट आकाराचे आठ फोटो मी स्वतः आणून ठेवले होते. तीनच उरले होते. शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. तिचं आधार कार्डही जागेवर नव्हतं.

त्या वर्षी मुलीला हैदराबादच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. डोळे तपासण्याचं चार वर्षांचं शिक्षण. परीक्षा झाली, मुलाखत झाली, यादीत नाव आलं. आमच्या दिग्रसमध्ये ज्याला सांगावं तो विचारायचा, म्हणजे डॉक्टर नाही का होणार? नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. कॉलेज राज्याबाहेरचं, त्यामुळे आपल्याकडे मुलींना मिळते ती फीमाफी तिथे लागू नव्हती. फी, होस्टेल आणि खाणावळ मिळून जो आकडा झाला, तो वाचल्यावर तिच्या बाबांनी कागदाची घडी घातली आणि "पाहू" म्हणाले.

यांचं "पाहू" मी वीस वर्षं ऐकत आले आहे. ते जिनिंगमध्ये फिटर. कापसाचा हंगाम असला की दिवसरात्र काम, हंगाम संपला की विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात, पैसा हातात येतो तसा खर्चून जातो. मी अंगणवाडी सेविका. मानधन थोडं, पण दर महिन्याला बँकेत जमा होतं. आम्ही राहतो ते दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे, कारण जागा माझ्या आईने मला दिली होती. माणूस वाईट नाही, पण पोटातलं ओठावर आणणार नाही. त्यांच्या थोरल्या भावाने एकदा कोऱ्या कागदावर त्यांची सही घेतली आणि हिश्शाचा प्लॉट परस्पर विकला. तेव्हापासून कागद दिसला की ते गप्प होतात.

मीही काही कमी नाही. प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, पोरगी शिकली पाहिजे, पण माझं घर कुठे गहाण पडता कामा नये. दोन-तीन दिवसांनी ते पुसदला जायला लागले.

पुसदला माझी नणंद राहते. तिच्या सासरकडच्या एका मुलाचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि गेली दोन वर्षं ती त्या मुलाचं नाव आमच्यासमोर काढत होती. दरवेळी मी विषय बदलत होते. आता हे दर रविवारी एस.टी.ने पुसदला जात होते. कायले जाता विचारलं तर म्हणायचे, "काम हाय." फोन आला की अंगणात जायचे. मी बाहेर गेले की बोलणं थांबायचं.

मुलीचंही वागणं मला ठीक दिसेना. एका रविवारी ती गच्चीच्या जिन्यात उभी राहून फोनवर कोणाला तरी सहा आकडे सांगत होती. हळू, एकेक करून. पोषण आहाराची नोंद मोबाइलवर करावी लागते, त्यामुळे ओटीपी काय असतो ते मला माहीत आहे. कोणाला सांगितलास, विचारलं. मैत्रिणीला, कॉलेजच्या फॉर्मचा होता, म्हणाली. सांगताना माझ्याकडे न बघता ती बाहेरच्या रस्त्याकडे बघत होती. माझ्या मनात भलतंच आलं. कोणी मुलगा असेल, कोणी फसवत असेल. त्या आठवड्यात मी तिच्या वहीतली पानंसुद्धा चाळली. काही सापडलं नाही, आणि न सापडल्याने संशय वाढलाच.

काकूंनी त्या माणसाचं सांगितलं तेव्हा या सगळ्याचा मला एकच अर्थ लागला. मी नणंदेला फोन केला. सरळ विचारलं नाही. पाऊसपाणी विचारलं, तिच्या गुडघ्याचं विचारलं, आणि मग म्हटलं, हे पोचले होते ना रविवारी नीट?

"हो, आलता ना दादा," ती म्हणाली. "फोटो दाखवला म्या त्याईले. पोरगी पसंत हाय, वहिनी. तुमी कायचं टेन्शन घेऊ नका."

मी फोन ठेवला. भांडावं असं वाटलं नाही. भांडण केलं असतं तर यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं आणि करायचं तेच केलं असतं. म्हणून मी दुसरं केलं. पिशवीत दहावी आणि बारावीच्या मूळ गुणपत्रिका होत्या, जातीचा दाखला होता. ते सगळं मी एका प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या कपाटात, वजनाच्या नोंदवह्यांच्या खाली ठेवलं. त्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला असते. लग्न लावायचं असेल तर लावा, पण पोरीचं शिक्षण माझ्या कुलपात राहील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. लग्नाला गुणपत्रिका लागत नाहीत, हे तेव्हा सुचलं नाही.

चार दिवसांनी यांनी घर उलथंपालथं केलं. कपाट, पेटी, गादीखाली, देव्हाऱ्याच्या मागे. मला विचारलं, मार्कलिस्टा कुठे आहेत? मी म्हटलं, मले काय माहीत, पिशवीतच होत्या. ते मुलीला रागावून विचारायला लागले की एखाद्या एजंटला तर दिल्या नाहीस ना. यवतमाळचा एक एजंट कॉलेजात जागा मिळवून देतो म्हणून मूळ कागद घेऊन बसतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी रडायला लागली. मी भाजी चिरत होते. हात थांबवला नाही. आजही तो प्रसंग आठवला की मला स्वतःचीच लाज वाटते, पण तेव्हा तिचं रडणंसुद्धा मला पुरतं खरं वाटत नव्हतं. ते शाळेत जाऊन दुसऱ्या प्रतीसाठी अर्जही देऊन आले. तिथे सांगितलं की महिना-दीड महिना लागेल.

त्यानंतर एका संध्याकाळी, मुलगी शेजारी गेलेली असताना, यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि पेन पुढे केलं.

"इथं सही कर."

मी विचारलं, कशाचा कागद आहे. सरकारी काम आहे म्हणाले. कुठलं सरकारी काम? कर ना सही, विचारून काय राह्यली, म्हणाले. मी कागद उचलून दिव्याखाली नेला. वर बँकेचं नाव होतं. खाली माझं नाव छापलेलं होतं आणि नावापुढे शब्द होता, सहकर्जदार.

लग्नासाठी कर्ज काढताहेत आणि माझं घर लावताहेत, दुसरं काही मनात आलंच नाही.

"माझं घर लावलं तुम्ही?"

"घर नाही लावलं," ते म्हणाले. "घराचं नावच नाही त्याच्यात. पुरं वाच तं खरं."

मी पुरं वाचलं. शैक्षणिक कर्ज. विद्यार्थिनीचं नाव, कॉलेजचं नाव, चार वर्षं. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज केलेला, आणि आमच्याच गावातली बँकेची शाखा निवडलेली. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. जिनिंगमधला त्यांचा एक जुना सोबती पुसदला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. दिग्रसमध्ये भरला असता तर चार लोकांनी पाहिला असता, म्हणून पुसद. अर्ज मुलीच्या नावाने भरायचा असतो, म्हणून ओटीपी तिच्या फोनवर यायचा आणि ती तो बाबांना सांगायची. फाइलवाला माणूस बँकेनेच चौकशीला पाठवलेला होता. कर्जात आईबापांपैकी एकाला सहकर्जदार व्हावं लागतं. यांची कमाई रोख, कागदावर दिसत नाही. बँकेने म्हटलं, बाईंचं मानधन खात्यात येतं, त्यांची सही घ्या.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तूच म्हणली ना, घर गहाण पडू देणार नाही. घर मागतात का नाही ते आधी पाहू म्हटलं. मागतलं असतं तं तुले सांगितलंच नसतं. गप्पच बसलो असतो."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण नणंदेचा आवाज कानात होता. मी विचारलं, आणि फोटो?

फोटो त्यांनीच दिला होता. अर्जाच्या कामासाठी नेलेल्यातला एक बहिणीने मागितला आणि त्यांनी दिला. कर्ज नाही मंजूर झालं तर पोरगी घरी बसून राहील, वय निघून जाईल, स्थळ चांगलं आहे, म्हणून.

"दोन्हीकडे ठेवलं होतं म्हणजे तुम्ही," मी म्हटलं.

"बापाले ठेवा लागते," ते म्हणाले.

मी सही केली नाही. बँकेत जाऊन, विचारून, मगच करीन म्हटलं. फोटोचं मुलीला सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं. गुणपत्रिकांबद्दल मात्र मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. फोटो पुसदहून परत येईपर्यंत ते पाकीट माझ्याच ताब्यात राहू दे, असं मला वाटलं. त्यांच्यावर माझा विश्वास बसला होता, पण पुरता नाही.

दुसऱ्या दिवशी, लागलंच तर जवळ असावं म्हणून, अंगणवाडीतून पाकीट काढून मी पर्समध्ये टाकलं आणि आम्ही तिघं बँकेत गेलो. कर्जाचं काम बघणाऱ्या मॅडम तरुण होत्या, पुण्याकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी फाइल उघडली, एक कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

"चौकशीच्या अहवालात लिहिलंय की मुलीचं लग्न याच वर्षी करणार आहेत," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांनी सांगितलंय. हे कर्ज शिक्षणासाठी असतं. लग्नासाठी नाही देत आम्ही."

काकूंनी आमचं भलं करायला जे सांगितलं, ते टाइप होऊन त्या टेबलावर पडलं होतं. मी बोलायला गेले, पण माझ्या आधी मुलगी बोलली.

"कोणाचं लग्न?"

ती बाबांकडे वळली. ते टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

"बोलणं होतं नुसतं," ते म्हणाले. "ठरलं नव्हतं काही."

"माझा फोटो दिला?"

त्यांनी मान हलवली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत होतं, हे तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण ती पुन्हा माझ्याकडे वळली नाही. दर रविवारी ती बाबांना आकडे सांगत होती, माझ्याशी खोटं बोलत होती, आणि तेच बाबा त्याच गावात तिचा फोटो देऊन येत होते. हे सगळं तिला तिथे, लोकांनी भरलेल्या बँकेत, एका परक्या बाईसमोर कळलं.

ती रडली नाही. खुर्ची पुढे ओढली आणि मॅडमना म्हणाली, "मॅडम, मी लग्न नाही करून राह्यली. मी हैदराबादले शिकाले जाऊन राह्यली. लिहून पाह्यजे तं लिहून देते."

मॅडमनी तिला कोरा कागद दिला. तिने लिहून दिलं, खाली सही केली. मॅडमनी तो कागद फाइलला लावला, पण त्यांना तो पुरेसा वाटला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी मूळ गुणपत्रिका मागितल्या. हे सांगायला लागले की हरवल्यात, शाळेत अर्ज दिला आहे, पावती आहे.

"हरवल्या नाहीत," मी म्हटलं आणि पर्समधून पाकीट काढून मॅडमच्या हातात दिलं. यांच्या हातात नाही दिलं, हे त्यांनीही पाहिलं.

मॅडमनी गुणपत्रिका मोजून घेतल्या. मग पेन ठेवून विचारलं, तुम्ही घरात एकमेकांशी बोलता की नाही? त्या रागाने नाही बोलल्या, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

त्यांनी आमच्यासमोरच कॉलेजला फोन लावला. पत्रावरचा नंबर नाही वापरला, दुसरीकडून शोधून काढला. प्रवेश खरा आहे का, फी एवढीच आहे का, मुलीचं नाव यादीत आहे का, सगळं विचारून घेतलं. मला त्या बाईचं हे आवडलं. मीही तसंच केलं असतं.

मग सहीची वेळ आली. मी मराठी प्रत मागितली. ती मिळायला अर्धा तास गेला. मागे रांग होती, लोक चुळबुळत होते. मी प्रत्येक पान वाचलं. घराचा उल्लेख खरंच नव्हता. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नव्हता. उत्पन्नाच्या दाखल्यावर तेवढ्या काळाचं व्याज सरकार भरेल, असं मॅडमनी समजावून सांगितलं. दरवर्षी भरेल ना, की मध्येच बंद होईल, असं मी विचारलं. योजना आहे तोपर्यंत, असं त्यांनी उत्तर दिलं. मला ते उत्तर अजूनही आठवतं. परतफेडीला अर्जदार आणि सहकर्जदार दोघंही जबाबदार राहतील, या ओळीवर मी थांबले. म्हणजे ती नाही भरू शकली तर मी, विचारलं. हो, मॅडम म्हणाल्या. मी मुलीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर, रस्त्यावरच्या ऑटोंकडे बघत होती. मी सही केली.

मंजुरी लगेच आली नाही. वरच्या शाखेतून फाइल एकदा परत आली, कुठला तरी शिक्का राहिला होता. कॉलेजची मुदत संपत होती. मुलीनेच तिकडे फोन करून आठ दिवस वाढवून घेतले, आम्हाला नंतर सांगितलं. त्या दिवसांत ती बाबांशी एक शब्दही बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. माझ्याशी बोलायची, तेही कामापुरतं. हे रोज बँकेत चक्कर मारायचे आणि घरी येऊन दारातूनच सांगायचे, आज नाही झालं. कोणाला उद्देशून सांगताहेत, ते समजायचं नाही.

मंजुरी आली त्या दुपारी मी नणंदेला फोन केला आणि फोटो परत मागितला. ती दुखावली. म्हणाली, वहिनी, तो तं त्याईनं मोबाइलवर घेऊन साऱ्या नातेवाइकाईले पाठवला, आता कागद परत देऊन काय होते? मी म्हटलं, तरीही द्या. तिने दिला नाही. त्या घरात माझ्या मुलीचा फोटो कोणाकोणाकडे आहे, मला आजही माहीत नाही. नंतर त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं.

मुलीला पोचवायला आम्ही दोघंही गेलो. नांदेडपर्यंत एस.टी., पुढे रेल्वे. होस्टेलची खोली मी नीट बघितली, दाराची कडी ओढून बघितली, खाली बसणाऱ्या बाईंशी बोलले. हे फी भरल्याची पावती घ्यायला कार्यालयात गेले. पैसे बँकेतून थेट कॉलेजच्या खात्यात जातात, त्यात यांचं काही काम नसतं. तरी पावती हातात येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. निघताना मुलगी माझ्या पाया पडली, मग बाबांच्याही पडली. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. दरवर्षी निकाल लागला की ती गुणपत्रिकेचा फोटो आम्हा दोघांना पाठवते, वेगवेगळा, एकाच वेळी. एकाला पाठवून दुसऱ्याला सांग, असं तिने कधी केलं नाही. हे तो फोटो छापून घेऊन बँकेत जातात आणि पुढच्या वर्षाचे पैसे सुटेपर्यंत चकरा मारतात. व्याज सरकारने भरलं का, ते मी स्वतः पासबुक घेऊन बघून येते. एका वर्षी ते उशिरा जमा झालं, तेव्हा चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. बाबांशी बोलते आता. बसच्या वेळा विचारते, मोटारीचं काम कसं चाललंय विचारते. एका दुपारी आम्ही दोघीच चकल्या करत होतो, तेव्हा मी विचारलं, बाबांवरचा राग गेला का? ती सोऱ्या फिरवत म्हणाली, "मी राग धरूनच नव्हती कोणाचा."

मी आणखी काही विचारलं नाही. कपाटात तिचे कपडे आवरताना मी कागदांची पिशवी उघडून पाहिली होती. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, आधार, सगळे मूळ कागद आता ती हैदराबादलाच ठेवते. घरातल्या पिशवीत फक्त झेरॉक्स आहेत.